चाळीस ठणठणीत बायका

आरोग्य कचेरीत त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. टक्के खाणारे नव्हेत हो, काढणारे! किती जणांना मधुमेह, कितींचा रक्तदाब वाढलेला, कितींची कर्करोगासाठी तपासणी झाली, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या मुलीची इयत्ता विचारली तर मात्र बायकोकडे बघत.

गेल्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचं उद्दिष्ट चाळीस बायकांनी हुकत होतं. त्या बायका तपासणीच्या शिबिराला फिरकल्याच नव्हत्या. आता यात साहेबांचा काय दोष? संगणकात पर्याय तीनच: दोष आढळला, दोष नाही, आली नाही. ‘आली नाही’ म्हणावं तर वरून खुलासा मागतात. ‘दोष आढळला’ म्हणावं तर पुढच्या तपासण्यांचे कागद जोडावे लागतात. उरलं काय? टेबलावरचा चहा गार व्हायच्या आत साहेबांनी चाळीस बायका ठणठणीत करून टाकल्या. कुठल्या धन्वंतरीला हे जमलं असतं?

त्या यादीत त्यांची थोरली बहीणही होती. ताईच्या नावापाशी बोट जरा अडखळलं. पण ताई कधी साधी शिंकलेलीही आठवेना, म्हणून तीही निरोगी ठरली. अहवालाला वरून शाबासकी आली.

आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून ताईनंच साहेबांना शिकवलं होतं. आपला भाऊ सरकारी कागदावर सही करतो, याचं तिला कोण कौतुक!

परवा ते तिच्याकडे गेले होते. कोमट चहाचा घोट घेतानाही ताईचा चेहरा कसनुसा झाला.

“दाढ दुखतेय का गं?”

“दाढ नाही रे. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. तिखट तर मी सोडलंच.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष.”

“वर्ष? आणि डॉक्टरकडे गेली नाहीस?”

“निघाले होते. शेजारीणसुद्धा सोबत येणार होती. पण तेवढ्यात तुझं पत्र आलं ना!”

तिनं कपाटातून पिशवीत जपून ठेवलेलं पत्र काढलं. ‘तपासणीत दोष आढळला नाही. तीन वर्षांनी पुन्हा यावे.’ खाली साहेबांची छापील सही. दोष नसलेल्यांना संगणक अशी पत्रं आपोआप धाडतो. ही सोयही त्यांनीच सुचवलेली.

“अगं, पण तू शिबिराला गेलीच नव्हतीस. तुला तपासलं कुणी?”

“मला काय ठाऊक? म्हटलं, तू लिहिलंयस म्हणजे काहीतरी बघूनच लिहिलं असशील.”

आपण माणूस म्हणून काय लायकीचे आहोत, हे साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा टक्क्यांशिवाय कळलं.

तासाभरात ते तिला घेऊन मोठ्या रुग्णालयात पोचले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात बॅटरी धरली, ती बराच वेळ हलवली नाही. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला हवा, म्हणाल्या. मग केसपेपर पुढे ओढला.

“याआधी तोंडाची तपासणी झाली होती?”

“झाली की!” ताईनं पत्र पुढे केलं.

“नाही झाली,” साहेब कसेबसे म्हणाले. “मी न बघताच लिहिलं होतं.”

ताईनं त्यांचा हात थोपटला.

“घाबरलाय हो तो,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “लहानपणापासून असाच आहे. तुम्ही पत्रात आहे तेच लिहा.”