लंबूच्या मुलीचं नाव

आमच्या ताईला नावाने हाक मारलेली खपत नाही. लाँड्रीतल्या बायका तिला इस्त्रीताई म्हणतात, मालक 'अहो सुपरवायझर' म्हणतात आणि मी नुसतं ताई. मी तिचा धाकटा भाऊ. त्याच लाँड्रीची गाडी चालवतो, हॉटेलांच्या मळक्या चादरी आणतो, धुतलेल्या पोचवतो. स्वतःचं नाव न आवडणारी माणसं जगात ढिगाने सापडतील, पण ताईचं दुखणं वेगळं आहे. तिच्या नावाचा अर्थच 'आता पुरे'. लागोपाठ चौथी मुलगी झाली म्हटल्यावर वडिलांनी तिचं तोंडही न बघता ते ठेवलं. वरच्याला कळावं, मुली बस झाल्या! आणि तिच्या पाठीवर मी जन्मलो. "नावाला गुण आला हो," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ताई तिथेच बसून माझं नाक पुसत असायची. तो गुण म्हणजे मी, घरादाराचं शेंडेफळ. मी त्यात काहीएक केलं नव्हतं, तरी हे सांगताना आजही मला मान वर करवत नाही.

कामावर मात्र ताई म्हणजे वाघीण. उशीच्या अभ्र्यावर एक सुरकुती दिसली की तो परत इस्त्रीच्या रोलरखाली. हातांवर कोपरापर्यंत वाफेचे जुने डाग आहेत आणि तोंड असं फटकळ की मालकसुद्धा तिच्या टेबलाजवळून जाताना चालायचा वेग वाढवतात. उशीर नाही, अर्धी सुट्टी नाही, कामावर मुलं आणायची नाहीत. हा शेवटचा नियम तर तिनेच मालकांकडून करून घेतला होता. "इथे उकळतं पाणी आहे, पाळणाघर नाही," म्हणायची. खोटं नव्हतं ते.

आमच्याकडे देशोदेशींच्या बायका कामाला आहेत. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की गप्पा, आणि गप्पा हमखास नावांवर येतात. दोघींच्यात मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचंच नाव, आणि दोघी एकाच वारच्या, म्हणून एकीला हाक मारली की दोघी वळतात. एकीला आजीचं नाव दिलेलं, तर तिचा बाप तिला फोनवर 'आई' म्हणतो आणि आईसारखाच तिला घाबरतो. घडीवाली म्हणून एक जाडजूड बाई आहे, तिच्या नावाचा अर्थ 'भावाला घेऊन ये'. "कुठला भाऊ न कुठलं काय! माझ्यामागे आणखी तिघी आल्या," असं म्हणून ती इतकी हसते की घास बाहेर येतो. हे सुरू झालं की ताई डबा झाकून उठते. तिला अचानक रोलर तपासायचा असतो.

आणि लंबू. ही चादरीची दोन टोकं धरून उभी राहिली तरी चादर जमिनीला लागत नाही, म्हणून लंबू. तिला विचारलं तर ती म्हणायची, "आमच्यात नावाला अर्थ नसतो. नाव कुणाचं आहे तेवढंच विचारतात." गेल्या वर्षी तिला दिवस गेले. नवरा दूर जहाजावर, इथे जवळचं कुणी नाही. पोट वाढलं तरी काम सोडलं नाही.

एके दिवशी दुपारी मी गाडी लावून आत येतो तो ही बोंबाबोंब! घड्या घालायच्या खोलीत लंबू खाली बसलेली, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर, आणि समोर आमची ताई गुडघ्यांवर. गाडी काढून दवाखान्यात न्यायला वेळच नव्हता. घडीवाली सांगत होती, ताई करत होती. मला दाराबाहेर हाकललं. मग बराच वेळ काही ऐकू येईना. मूल निळं पडलं होतं, ते मला नंतर कळलं. ताईने टॉवेलने त्याची पाठ चोळली, चोळत राहिली, शिव्या देत राहिली, आणि शेवटी ते रडलं. मुलगी.

झालं! ताई एका दुपारीत देवमाणूस झाली. मालकांनी तिचा मोठा फोटो दाराशी लावला, खाली 'आमची शान' आणि त्याखाली ठळक अक्षरांत तिचं पूर्ण नाव. ताईने जाऊन सांगितलं, "काढा तो." मालकांना वाटला विनय. "बघा, किती साधी बाई!" असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. तेव्हापासून ताई मागच्या दाराने, बॉयलरच्या कोळशाच्या ढिगाऱ्याला वळसा घालून आत यायला लागली. मला वाटलं, नावामुळे.

मग घडीवाली लंबूला भेटून आली आणि बातमी घेऊन आली, "मुलीला तुमचंच नाव ठेवतेय हो! सोमवारी जन्मदाखल्यावर चढणार." बायकांनी टाळ्या पिटल्या. ताईचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला.

त्या संध्याकाळी ती गाडीत माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला लंबूकडे ने. आत्ता."

"अगं, पण एवढी काय घाई..."

"गाडी चालव. तोंड नको चालवू."

वाटेत एका सिग्नलला तिने समोर बघतच सांगून टाकलं. त्या दिवशी सकाळी लंबू तिच्या टेबलापाशी आली होती. पाठ दुखतेय म्हणाली, घरी जाऊ का म्हणून विचारलं. दोन हॉटेलांचा माल तुंबला होता. "आणि मी काय म्हटलं माहितेय? पाठ काय तुझी एकटीचीच दुखते? अभ्रे संपव, मग बघू. गेली बिचारी. पुन्हा विचारलं नाही तिने. पोरगी निळी माझ्यामुळे पडली, आणि लोक माझ्या फोटोला नमस्कार करतायत. लाज वाटते रे. अंगाची कातडी काढून ठेवावी इतकी लाज वाटते."

सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवायला लागला.

लंबूची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीत दोरीवर बाळाचे कपडे, पलंगाचा पाय मोडलेला, त्याखाली विटा. लंबूने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. ताई बसली नाही.

"हे नाव तिला देऊ नकोस," ताई म्हणाली. "अपशकुनी आहे. त्याचा अर्थ 'आता पुरे'. नकोशी झाले म्हणून ठेवलं होतं मला. हा बसलाय ना, हा हवा होता." मी पेल्यात तोंड घातलं.

लंबू म्हणाली, "अर्थ तुमच्यात. आमच्यात नसतो."

"बरं, मग दुसरं ऐक." ताईचा आवाज चिरकला. "तू त्या दिवशी सकाळी विचारलं होतंस..."

"मला माहीत आहे, ताई. विचारणारी मीच होते."

बाळ कुरकुरायला लागलं.

"मग कशाला?" ताई म्हणाली. "अगं, शिव्या घाल मला. माझं नाव कशाला देतेस?"

लंबूने बाळ उचललं. ती रागावलेली नव्हती, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "आमच्यात नाव बक्षीस म्हणून देत नाहीत," ती म्हणाली. "ज्याचं नाव मुलाला दिलं, त्याला त्या मुलाला नाही म्हणता येत नाही. जन्मभर. म्हणून सगळे विचार करून नाव देतात. मला कामावर यायचंय. हिला ठेवायला घर नाही, माणूस नाही. मी तुम्हाला विचारलं असतं, हिला आणू का, तर तुम्ही नियम सांगितला असता. मला तुम्ही एकदा नाही म्हणालात. आता हिला म्हणा."

आणि तिने बाळ ताईच्या हातात दिलं.

ताई उभीच. बाळाने तिच्या भाजलेल्या मनगटाला बोटं लावली. ताई ढसाढसा रडायला लागली. माझ्या आठवणीत ती कधी रडलेली नाही, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

परत येताना मी आपला शहाणपणा करायला गेलो, "चला, माफ केलं तिने."

"कुठे माफ केलं?" ताई खेकसली. "माफ केलं असतं तर घरी जाऊन झोपले असते. कामाला लावलंय तिने मला."

दुसऱ्या दिवशी ताई मालकांच्या खोलीत गेली. बाळ झालं त्या सकाळी काय झालं होतं ते सगळं सांगितलं. मुलं आणायची नाहीत हा माझा नियम, मीच मोडतेय म्हणाली. मालक का-कू करायला लागले तर म्हणाली, "मग फोटोबरोबर मलाही उतरवा." फोटो उतरला. बायकांनाही तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, डबे उघडे असताना. घडीवाली तेव्हापासून तिच्याशी कामापुरतंच बोलते. ताई ते ऐकून घेते.

आता ताईच्या टेबलामागे, वाफेपासून लांब, चादरींची एक ट्रॉली आहे. तिची चाकं काढली आहेत आणि आत मऊ अंथरलं आहे. दिवसभर कुणी ना कुणी जाता-येता तिच्यात वाकून त्या नावाने हाक मारतं. लहानपणी आमच्या घरी ते नाव ऐकू आलं की समजायचं, ताईला भांडी घासायची आहेत किंवा मला कडेवर घ्यायचं आहे. त्या नावाने हाक मारून कुणी हसलेलं मी पहिल्यांदा या लाँड्रीत पाहिलं.

काल मी माल उतरवत होतो. लंबूने लांबून, टाचा उंचावून, मोठ्याने लेकीला हाक मारली. ताईचा हात इस्त्रीवर थांबला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ओ." लहानपणी द्यायची तशीच, दबकी. बायका हसल्या. ताईचे कान लाल झाले. "मला नाही, तिला," असं ती माझ्याकडे बघत पुटपुटली, पण इस्त्री उभी करून गेली आणि बाळाला उचललं.

मीही एकदा तिला त्या नावाने हाक मारावी म्हणतो. नीट, हसून. गाडीत ती रोज शेजारी बसते. अजून माझी जीभ रेटत नाही.