बांधाला नाव नव्हतं

जूचंद्रच्या खाडीवरचा बांध कोणाचा, असं कोणी विचारलं की हंसाकाकी उलट विचारायची, "मिठागरावरच्या वाऱ्याचा मालक कोन, ते सांग आधी."

अवसेच्या भरतीला बांध खचतो. तेव्हा उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा लाकडी दरवाजा, सांभाळणारं घर हाक देतं आणि घरटी एक माणूस चिखल घेऊन धावतो. तीन पिढ्या ती हाक काकीच्या घरात. पण बांधाला कुणा एकाचं नाव लावायचं नाही, हा गावाचा कायदा. गोऱ्यांचा मोजणीदार आला तेव्हा म्हातारे छाती काढून म्हणाले होते, "नाव कसलं? सगल्यांचा हाय!" त्याने लिहिलं, सरकारी खाजण, म्हणजे सरकारच्या मालकीची खारजमीन. गोरे गेले, झेंडा बदलला, घटना आली. ती ओळ खोडायला मात्र एकाही सायबाला वेळ झाला नाही.

यंदा त्याच ओळीच्या जोरावर बांधावरून रस्ता निघाला. पुतण्या अल्पेश पेटला. "काकी, घटनेत आपला हक्क हाय. गावाची हरकत टाकू, सही दे."

काकीने दिली. घरच्या पोराचा कागद काय वाचायचा?

सुनावणीला त्रेचाळीस घरं टेम्पोत बसून गेली. खुर्चीवर आता आपलाच माणूस, आपल्याच भाषेत बोलणारा. म्हणाला, "गाव-बिव कायद्यात बसत नाही. वहिवाटदार कोण?"

अल्पेश उठला. "मी. काकीने हक्क माझ्या नावे सोडलाय. आणि साहेब, मोबदला मिळणार असेल तर रस्त्याला माझी हरकत नाही."

टेम्पोतून आलेले सगळे काकीकडे बघायला लागले. तिनेच गाव विकलं, असं.

बाहेर तिने त्याची कॉलर धरली. "मेल्या, गावाचं नाव कुटं गेलं?"

"वकील बोलला, गावाचं चालत नाय. कोनाचं तरी लावाया लागतं."

"आनि तुला तुजंच आठवलं?"

पुढची अवस आली. दुपारी भरती चढली, बांधाची कड ढासळू लागली. काकी निघाली, पण हाक तिने एकाच दारात दिली. "अल्पेशशेट, पानी आयलं. तुमचा बांध हाय, उतरा."

तो नव्या बुटांत दारात आला. "काकी, बाकीचे कुटं हायत?"

"बाकीच्यांचं नाव कुटं हाय?"

ती घरी येऊन ओट्यावर बसली. खारं पाणी पहिलं तिच्याच भातशेतात शिरणार होतं. तरी ती उठली नाही.