आईच्या दाराचा पांढरा

माझे बाबा रंगारी. पण भिंतींना हात लावायचे नाहीत, फक्त लाकूडकाम करायचे: दारं, खिडक्या, चौकटी, भिंतीखालच्या पट्ट्या. भिंती काय कोणीही रंगवतो, असं ते म्हणायचे आणि भिंती रंगवणाऱ्यांच्या तोंडावरच म्हणायचे. त्यामुळे मित्र कमी होते. कामावर जाताना पांढरा सदरा घालायचे आणि संध्याकाळी तो पांढराच परत आणायचे. बाकीचे रंगारी त्यांना पाठीमागे बगळा म्हणत. बाबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"पांढराच तर द्यायचाय, लावा कुठलाही," असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं की बाबांचा पारा चढलाच. तेलातला पांढरा इनॅमल चकाकतो, टणक होतो, पण उजेड मिळाला नाही की पिवळा पडतो. ते गिऱ्हाइकाला कपाट सरकवायला लावत आणि मागची चौकट दाखवत. कपाटाच्या बाहेर पांढरी, कपाटामागे म्हाताऱ्याच्या दातांसारखी. पाण्यातला इनॅमल पिवळा पडत नाही हेही त्यांना माहीत होतं, पण तो स्वतः लावायचं म्हटलं की नाक मुरडत. "पाण्याने ब्रश धुवायचा? हे काय चित्रकलेचा तास आहे?"

अशा माणसाच्या स्वतःच्या घरातली दारं मात्र पिवळीधमक. कुठल्याशा कामावर उरलेल्या तेलाच्या रंगाचा एक हात माझ्या जन्माआधी मारला होता, तोच चालू होता. आई आयुष्यभर मागे लागली. "लोकांची दारं लख्ख आणि आपल्याकडे पाहुणा आला तर मला लाज वाटते," म्हणायची. बाबा म्हणायचे, "एवढं हातातलं काम संपू दे." हातातलं काम तीस वर्षं संपलं नाही. मला याचा राग होता, आणि अजून आहे.

मग आईच्या फुप्फुसांनी दगा दिला. दोन महिने ती दवाखान्यात पडून होती. त्या वॉर्डात दारं, चौकटी, पट्ट्या, सगळं फिकट निळं. आईला त्या रंगाचा वीट आला होता. "डोळे उघडले की तेच, मिटले तरी तेच. मला इथे मरायचं नाही गं," ती मला म्हणाली. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्यायला हरकत नाही. त्याचा अर्थ आम्हा दोघांना कळला. बाबा तिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "तुला काय हवंय ते सांग."

"माझ्या खोलीचं दार पांढरं करा," आई म्हणाली. "तेवढं बघून जाऊ दे."

बाबांनी त्याच दिवशी हातातलं काम सोडलं आणि रंगाच्या दुकानात गेले. तेलाचा वास आईला सोसला नसता. शिवाय धुळीमुळे तिच्या खोलीची खिडकी बंद ठेवायची होती, म्हणजे तेलाचा रंग तिथे हमखास पिवळा पडला असता. मान खाली घालून त्यांनी पाण्यातला इनॅमल मागितला. दुकानदार त्यांच्या बरोबरीचा, थट्टेखोर. पण त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही, गुपचूप डबा काढून दिला.

तयारीत बाबांनी कसलीच कुचराई केली नाही. धूळ उडू नये म्हणून ओल्या पॉलिश पेपरने सगळं लाकूड घासलं, भेगांत पुट्टी भरली, जुना पिवळेपणा वर येऊ नये म्हणून प्रायमरचे दोन हात दिले. मग रंगाचा पहिला हात मारला, आणि वाळल्यावर डबा उचलून थेट दुकानात.

"हा पिवळा आहे."

दुकानदाराने डब्याच्या झाकणाशेजारी कोरा कागद धरला. "अहो, कागदासारखा पांढरा आहे."

"मग तुझा कागदही पिवळा आहे."

दुसऱ्या कंपनीचा डबा आणला, तिसऱ्या कंपनीचा आणला. सगळेच पिवळे. हल्ली सगळ्या कंपन्या खोट घालतात, असं ते दवाखान्यात येऊन मला तणतणत सांगत होते आणि मी मान डोलवत होते. पांढऱ्याच्या बाबतीत या माणसाची चूक होईल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी आईपाशी होते, घराकडे फिरकलेही नव्हते.

पांढऱ्यातला पिवळेपणा मारायला जुने रंगारी डब्यात निळ्याचा एक थेंब टाकतात. बाबांनी ती छोटी बाटली काढली. एक थेंब टाकला, ढवळलं, लाकडावर लावून पाहिलं. पिवळा. आणखी एक टाकला. तरी पिवळा. डोळ्यांना हवा तसा शुभ्र दिसेपर्यंत ते टाकत राहिले, आणि त्या रंगाचे दोन हात मारून खोली पुरी केली.

दोघा शेजाऱ्यांनी आईला खुर्चीत बसवून आत आणलं. बाबा पुढे जाऊन दाराशी उभे राहिले, अंगावर धुतलेला सदरा. "बघ," म्हणाले.

दार, चौकट, खिडकी, खालची पट्टी, सगळं फिकट निळं. वॉर्डाचा तोच निळा, जणू तिथूनच डबा आणला होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात आईने माझा हात दाबला. तिच्या अंगात एवढा जोर उरलाय हे मला माहीत नव्हतं. ती दाराकडे बघत राहिली, मग म्हणाली, "किती पांढरं झालं हो."

बाबांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि औषधं आणायला म्हणून बाहेर पडले.

"यांना सांगायचं नाही," आई म्हणाली.

"अगं पण त्यांचे डोळे... मी दुसरा रंगारी बोलावते, एका दिवसात करून देईल."

"आणि यांना काय सांगशील? तुमचे डोळे गेले, आता ब्रश ठेवा?" तिला धाप लागली. थांबून थांबून म्हणाली, "मी गेल्यावर यांच्याकडे काय राहणार आहे? तो ब्रशच ना? मला शब्द दे."

मी शब्द दिला. चुकलं माझं. पण तेव्हा तिला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

आई त्यानंतर एकतीस दिवस होती. रोज सकाळी बाबा विचारायचे, "पिवळं नाही ना पडलं?" आणि ती म्हणायची, "नाही हो, छान आहे." मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची. दारातून येणारा उजेड तिच्या डोळ्यांवर येतो असं बाबांना वाटे, म्हणून ते हळूच दार ओढून घ्यायचे.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने बाबांना काम अर्धवट असतानाच परत पाठवलं. चौकटी निळ्या केल्या म्हणून. गिऱ्हाइकानेच मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही जुना. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आई होती त्याच दवाखान्यात. ते दवाखान्यात असताना दार रंगवून घ्यायला मला चांगला दिवसभर मिळाला होता. मी ते उद्यावर ढकललं, कारण आईने शेवटी बघितलेलं दार पुसून टाकायला माझा जीव होईना.

डोळ्यावरची पट्टी काढून आम्ही दुपारी घरी आलो. रिक्षात ते खुशीत होते, पाट्या वाचून दाखवत होते, रस्त्यातल्या दारांना नावं ठेवत होते. घरात शिरले आणि आईच्या खोलीसमोर थांबले. काळा चष्मा काढला.

"हा दवाखान्याचा निळा," ते म्हणाले.

त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं.

"ती तर पांढरं झालं म्हणाली होती. तिला दिसत नव्हतं का गं नीट?"

हो म्हणायचं होतं मला. शेवटी शेवटी आईची नजर अधू झाली होती, एवढंच सांगितलं असतं तर पुरलं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, तेवढं ऐकायला आसुसलेले. मला जमलं नाही.

"म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपायची," बाबा म्हणाले.

ते खाटेवर बसले, ती निजायची त्याच बाजूला. मग त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि ऑपरेशन न झालेल्या डाव्या डोळ्याने दाराकडे पाहिलं.

"या डोळ्याने पांढरं आहे," म्हणाले.

डाव्या डोळ्याची तारीख मी दोनदा घेतली. दोन्ही वेळा ते आले नाहीत. ब्रश त्यांनी धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकलेत. सकाळी ते आईच्या खाटेवर बसतात, उजवा डोळा झाकतात आणि दाराकडे बघतात. मी चहाचा कप शेजारी ठेवते आणि बाहेर येते.