कणकेतले हात

देवीवर माझा राग होता, हे आधीच कबूल करतो. विश्वास उडाला होता असं नाही. जिच्यावर विश्वासच नाही तिच्यावर कोण रुसतं? पण तुरुंगातून सुटून आठ महिने झाले होते आणि मला कुठेही काम मिळत नव्हतं. वालीवच्या कारखान्यांत कामाला लागायचं तर फॉर्म भरून द्यावा लागतो आणि त्यात एक प्रश्न असतो, आपल्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का? माझा मेहुणा कळवळून सांगायचा, "दाजी, 'नाही' लिहा ना, कोण बघायला बसलंय?" मी 'हो' लिहायचो, तेही चांगलं ठळक. खोटं लिहून मिळालेलं जेवण घशाखाली उतरलं नसतं आणि खरं सांगू का, त्या 'हो'चा मला थोडा ताठाही होता. शिक्षा भोगून आलो होतो, मग लपवायचं कशाला? फॉर्म घेणारा वाचत वाचत तिथपर्यंत यायचा, एकदा माझ्या हातांकडे बघायचा आणि "कळवतो" म्हणायचा. कळवलं कोणीच नाही.

मी अर्नाळ्याचा, मासेमारीच्या घरातला. समुद्रात जाळ्याचे खुंट कुठे रोवायचे यावरून आमची आणि काशिनाथच्या घराची जुनी धुसफूस. एके दिवशी भर समुद्रात दोन्ही होड्या समोरासमोर आल्या, शब्दाने शब्द वाढला आणि माझ्या हातातलं वल्हं त्याच्या तोंडावर बसलं. त्याचा डावा डोळा कायमचा गेला. मला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. तुरुंगात मला स्वयंपाकघरात घातलं. रोज शेकडो माणसांची कणीक मळायची. पहिल्या आठवड्यात मनगटं सुजली, पण वर्षभरात तिथे माझ्यासारखी कणीक कोणी मळत नव्हतं. घरी परत आलो तेव्हा होडी भावाकडे होती आणि त्याचे खलाशी माझ्याबरोबर समुद्रावर यायला तयार नव्हते. त्यांना तरी काय म्हणणार?

आमच्या पाड्यावर देवीचं देऊळ आहे. लहानपणापासून मी तिच्याशी घरच्या माणसासारखा भांडत आलो आहे. त्या वर्षी चैत्रातल्या जत्रेला सकाळीच देवळात गेलो आणि हात न जोडता तिला सांगून टाकलं, "आई, आता मी काही मागणार नाही. तुझ्या मनात असेल ते कर, नसेल तर तेही सांगून टाक." एवढं बोलून मी पाठ फिरवली. डोळे भरले होते, पण ते तिला दाखवायचे नव्हते.

आवारात दर्शनाच्या रांगा लागल्या होत्या. तेवढ्यात रांग सरळ करायला एका स्वयंसेवकाने जोरात शिट्टी वाजवली. आणि मी काय केलं असेल? शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाच्या जोडीला जाऊन उकिडवा बसलो, मान खाली, हात गुडघ्यांवर. तुरुंगात मोजणीची शिट्टी झाली की असंच जोडी-जोडीने बसावं लागतं. तो माणूस दचकून बाजूला झाला. दोन मुली हसल्या. मला वाटलं, जमिनीत गाडून घ्यावं.

"किती वरसं आत होतास, भाऊ?"

मी वर पाहिलं. साठीच्या पुढची एक बाई, पदर खोचलेला, कोपरापर्यंत पीठ. आवाज मात्र अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल एवढाच. ती हिरामावशी. वटारची, लग्नाकार्यात स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणारी. त्या दिवशीचा महाप्रसाद तिच्याकडे होता. मी तिला ओळखत नव्हतो आणि तीही मला ओळखत नव्हती.

"पाच," मी म्हणालो. "एकाला वल्हं मारलं. त्याचा डोळा गेला." लपवून ठेवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

"माजा भाऊस सुटून आला तवा वरीसभर असाच बसायचा. कुकरची शिट्टी झाली तरी बसायचा." तिने पदराने नाक पुसलं. "आत काय काम करायचास?"

"कणीक मळायचो."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मग देवळाच्या कळसाकडे बघून तिने पिठाचेच हात जोडले. तिच्या दोन बायका तापाने पडल्या होत्या, महाप्रसादाच्या पुऱ्यांची कणीक तशीच पडून होती आणि कोणाला बोलवावं हे तिला सकाळपासून सुचत नव्हतं. "ऊठ," ती म्हणाली. "पुऱ्यांची हाय, घट्ट मळ. पानी हात राखून घाल."

मी हात स्वच्छ धुतले आणि परातीपुढे गुडघे टेकले. सहा पराती मळल्या. खांद्यात समुद्राची ताकद होती आणि मुठींत तुरुंगाची सवय, आणि त्या सकाळी दोन्ही एकदम कामाला आल्या. शेवटची परात उरकत आली तेव्हा कमिटीतले एक गृहस्थ आत आले आणि मला बघून थबकले.

"मावशी, हा कोन हाय ठावं हाय का तुला? याचे हात देवीच्या निवदाला?"

माझे हात परातीतच थांबले. आता देवीही 'कळवते' म्हणणार, असं वाटलं. पण मावशी कढईपुढून हललीसुद्धा नाही. "ठावं हाय. त्यानंच सांगितलंय. पाच पराती मळून झाल्यात. त्यातनं याचे हात तेवढे वेगळे काढून दे, मंग बोल."

गृहस्थ आले तसे बाहेर गेले. पहिल्या घाण्याच्या पुऱ्या वर आल्या त्या टम्म फुगून. नैवेद्याचं ताट गाभाऱ्यात गेलं तेव्हा मी दारात उभा राहून बघत होतो. माझी छाती भरून आली होती, आणि हा अभिमान मी अजिबात लपवणार नाही.

दुपारी पंगत बसली. मावशीने पुऱ्यांची टोपली माझ्याच हातात दिली. वाढत वाढत एका पत्रावळीपाशी आलो. काशिनाथ होता. मी त्याच्या डाव्या बाजूने आलो होतो, म्हणून त्याला मी दिसलोच नव्हतो. मला बघायला त्याला पूर्ण मान वळवावी लागली. मी दिलेलं ते दुखणं मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं. त्याने पत्रावळीवर आडवा हात धरला. मी खाली वाकलेला तसाच राहिलो. माझ्या तोंडून "माफ कर" एवढंच आलं, आणि तेही नीट नाही. बराच वेळ तो हात तिथेच होता. मग त्याने तो सावकाश बाजूला घेतला.

"गरम बघून दे," तो म्हणाला.

मी दोन पुऱ्या वाढल्या. त्याने त्या खाल्ल्या. त्याने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि ते विचारायचा मला हक्कही नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी हिरामावशीकडे काम करतो. आगाशीपासून वसईपर्यंत लग्नं, बारशी, सगळीकडे कणीक माझीच असते. देवीने चमत्कार केला असं मी कोणाला पटवायला जात नाही. मला एवढंच कळतं, की 'हो' लिहिलेल्या फॉर्मवर मला कोणी काम दिलं नाही, आणि ज्या सवयीची मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती, तिच्याच वाटेने आईने मला जवळ ओढलं. मागणं सोडून सगळं तिच्यावर टाकलं त्याच दिवशी ओढलं.

शिट्टी ऐकली की गुडघे अजूनही वाकतात. पूर्वी मी त्यांच्याशी भांडायचो. आता वाकलेच आहेत तर जमिनीला हात लावतो, आईला नमस्कार करतो आणि पीठ मळायला उठतो.