भिंतीपलीकडचा हायवे

नगरच्या कडेला उठसूट नवी कॉलनी उगवते, अन् प्रत्येक कॉलनी आपली गल्ली कुठल्यातरी भिंतीपाशी आणून सोडते. तिथं मग किस्से साचतात, गटारीच्या पाण्यासारखे! मी जन्मभर पाथर्डी-नगर जीप हाकली, अन् घर बांधलं ते असल्याच बंद गल्लीत. हसा!

*

प्लॉट विकताना एजंटानं समोरच्या बाजरीच्या वावराकडं हात केला. "इथून तीस फुटी रस्ता निघणार, काका! थेट हायवेला!"

शेवटचा प्लॉट घेणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "लिहून देता?"

"मास्तर, इश्वास न्हाई व्हय आमच्यावर?"

वावराची कॉलनी झाली. रस्त्याच्या जागी भिंत निघाली!

*

भिंतीपलीकडच्या वहिनींनी आमच्या मंडळींना हळदीकुंकवाला बोलावलं. अंतर वीस पावलं. मंडळी रिक्षानं गेल्या, सगळा वळसा घालून. तणतणत परत आल्या. "वाण काय, तर चहाची गाळणी! अन् तेवढ्यासाठी अर्धं नगर फिरले!"

"मग वाटंतली धूळ गाळून घे की," मी म्हणालो. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

*

मास्तरांना एक झटका येऊन गेलेला. दवाखाना हायवेवर. रोज भिंतीपाशी उभे राहून एकच विचारायचे, "ड्रायव्हर, दवाखान्याची गाडी वेळेत येईल का रे?"

"तुमीच उडी मारा की, मास्तर!" मी म्हणायचो.

सगळा कट्टा खिदळायचा. मास्तर नाही. त्यांनी गुपचूप भिंतीला शिडी टेकवून ठेवली. ती दिसली की मीही घटकाभर थट्टा थांबवायचो. पण खोड जाती का?

*

हायवेवर, पलीकडच्या कॉलनीच्या तोंडाशी मी गमतीत पाटी लावली. आमच्या कॉलनीचं नाव अन् बाण! कुरिअरवाले, पाहुणे, गॅसवाला, सगळे आत शिरायचे अन् भिंतीला नाक लावून माघारी फिरायचे.

मास्तर भडकले. "काढ ती पाटी! कुणाचा तरी जीव जाईल."

"उद्या काढतो."

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तरांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्सवाल्याचा फोन, "काका, पाटी दिसली, आलोच!"

मी भिंतीकडं धावलो. सायरन जवळ आला, अगदी जवळ, अन् भिंतीपलीकडं थांबला.

"ओ काका, हितं तर भिंत हाय!"

वळसा घालायला वेळ कुठला? मास्तरांना त्यांच्याच शिडीवर साडीनं बांधलं, अन् भिंतीवरून पलीकडच्या हातांत सरकवलं. मी भिंतीवर बसून रडत होतो. "मास्तर, आजच पाटी काढतो, आईशप्पथ!"

मास्तरांनी डोळे किलकिले केले.

"काढू नको," म्हणाले. "बाण जरा मोठा कर."