ट्युलिपना हात कोणी लावला?

"खरं सांग, ही तुझ्याच दुकानातली फुलं आहेत का?"

सावंत मॅडम फ्लॉवरपॉटकडे बोट दाखवून विचारत होत्या. अल् घुब्रातला त्यांचा फ्लॅट. मी मस्कतमध्ये फ्लोरिस्ट आहे; हॉटेलांत, घरांत फुलं सजवून देते. थंडीत इथे एसी बंद होतात, खिडक्या उघडतात आणि घरात ट्युलिप हवेत म्हणून फोन सुरू होतात. मॅडमच्या हॉलमध्ये आदल्या दिवशी मीच ती लावली होती. एका उंचीची, ताठ. आता देठ वर आले होते आणि माना बाल्कनीकडे वळल्या होत्या.

"माझीच आहेत," मी म्हटलं.

"मग यांना हात कोणी लावला? मी ऑफिसला गेले की घरात फक्त शांता असते."

शांता त्यांच्याकडे राहून घरकाम करायची. आंध्रातली. किचनच्या दारात खाली बघत उभी होती. मॅडमचं मत ठरलेलं होतं: शांता आपल्या मागे कोणाला तरी घरात घेते, आणि ती माणसं सगळीकडे हात घालतात. तिला भारतात परत पाठवायचं म्हणून तिला कामाला आणणाऱ्या एजंटला फोनही झाला होता.

"मॅडम, ट्युलिप कापल्यावरही वाढतं. पाण्यात देठ लांबतो, उजेडाकडे वळतो."

"कापलेलं फूल वाढतं? मला वेडी समजतेस? की शांताने तुला काही शिकवलंय?"

म्हणजे आता मीही संशयात. दुकानात येऊन बॉसला सांगितलं. ते ओमानी, आम्ही अर्बाब म्हणतो. ते हिंदीत म्हणाले, "खलास! गुलाब दे दो. दूसरे के घर में मत पड़ो."

सल्ला चुकीचा नव्हता. पण एका बाईची नोकरी जाणार होती, आणि तीही मी लावलेल्या फुलांवरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन ट्युलिप घेऊन गेले. "ही तुमच्या बेडरूममध्ये ठेवू. कुलूप तुम्ही लावा, किल्ली घेऊन ऑफिसला जा."

मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला. खिडकीची कडी ओढून पाहिली. कुलूप लावून हँडल हलवून पाहिलं. वर मला बजावलं, "संध्याकाळी उघडताना तू समोर पाहिजेस."

संध्याकाळी दार उघडलं. फुलं खिडकीकडे कलली होती. फोटोशी ताडलं, तर उंचही झाली होती. मॅडमनी वाकून पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडून पाहिलं. मग पलंगावर बसल्या.

दारात शांता उभी होती. तिला म्हणाल्या, "शांता, चहा ठेव गं."

शांता जागची हलली नाही. "मैडम, मेरेको जाना है. दूसरा घर देखती."

"अगं, मी तुला चोर म्हटलं का कधी?"

"बोला नहीं. रोज मेरा बैग देखा."

मी चहासाठी थांबले नाही. पुढे एजंटने शांताला मस्कतमध्येच अल खौदला एका घरी कामाला लावलं. मॅडम अजून आमच्याकडूनच फुलं घेतात, पण गुलाब.

आता ट्युलिप देताना मी गिऱ्हाइकाला काउंटरवरच सांगते: ही फुलं आपोआप वाढतात, वळतात. घरात कोणाला जाब विचारण्याआधी मला फोन करा.