"पावणं, पोरगा परमनंट हाय की!"

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या गाव सोडून पळालेल्या समस्त आप्तेष्टांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, हे लिहिणारा इसम शिरोली एमआयडीसीत अर्धं आयुष्य घालवूनही आजतागायत कंत्राटी आहे. कृपया अभिनंदनाचे फ्लेक्स लावू नयेत.

शिरोळकडचं आमचं नदीकाठचं गाव सोडलं तेव्हा दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला ट्रॅक्टरवरून एसटी स्टँडवर सोडलं. प्रवास तासा-दीड तासाचा, पण आईनं चटणी-भाकरी अशी बांधली होती की जणू मी बोटीनं निघालोय. वडील एवढंच म्हणाले, "जाशील तितं चिकटून ऱ्हा."

चिकटलो की! फाउंड्रीची भट्टी तीच, मी तोच; बदलत राहिले ते ठेकेदार. सलग नोकरी दिसू नये म्हणून मधून मधून आम्हाला 'ब्रेक' द्यायचे, म्हणजे काही दिवस घरी बसवायचे. मी गावी जायचो. लोक कौतुकानं म्हणायचे, "इलासला कंपनी लई रजा देती बगा!"

तेव्हा गावाला खुशाली कळायची ती कुणी जाणारं-येणारं भेटलं तर. आता दादा सकाळी व्हिडिओ कॉलवर मला म्हैस दाखवतो आणि मी त्याला शिफ्ट, ओव्हरटाइम, पीएफ ऐकवतो.

कंत्राटीचे फायदे मी कुणालाही रंगवून सांगेन. कारखाना बदलायची मुभा, जत्रेला जायला साहेबाची मिनतवारी नको. पण एकदा तापलेल्या लोखंडाचा थेंब बुटात उतरला आणि जखम भरेपर्यंत मी घरी पडून राहिलो. परमनंट गड्याला भरपगारी रजा मिळाली असती. मला दादानं ज्वारीची पोती आणून दिली. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "पोरीला कंत्राटी नवरा न्हाय म्हंजे न्हाय!"

आणि परवा माझ्या मुलीला, ऋतुजाला, स्थळ आलं. ओंकार, शेजारच्याच कारखान्यातला ऑपरेटर. बोलणं झालं, फोन नंबर दिले-घेतले गेले, पोरगी स्वयंपाकघरात गाणी म्हणायला लागली. दादा गावाहून चौकशीला हजर.

आता एक गुपित. आमच्या फाटकांसमोर अक्काची चहाची टपरी आहे. मुलीकडचे चौकशीला येतात ते तिथंच, आणि टपरीचा कायदा असा की कुणाबद्दलही विचारलं तरी 'परमनंट हाय' असंच सांगायचं. माझ्या सासऱ्यांनाही तेच सांगितलं गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या ब्रेकला बायकोनं मला नुसतं विचारलं, "माझ्या बाबास्नी कुठल्या टपरीवर चा पाजलासा?"

बाकड्यावर बसताच दादानं तोंड उघडलं. "पावणं, ओंकार म्हणून पोरगा हाय. परमनंट हाय का?"

"हाय की!" अख्खी टपरी एका सुरात.

"शंभर टक्के," अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली. "चा घ्या, दादा."

खऱ्या परमनंटबद्दल टपरी इतक्या झटकन बोलत नाही. आधी 'कोन ओंकार?' म्हणते, मग त्याच्या चार खोड्या काढते, मग कुठं उत्तर देते. एकमुखानं ग्वाही मिळाली म्हणजे पोरगा कंत्राटी! बोललो तर लेकीचं जमलेलं लग्न मोडतंय. गप्प बसलो तर ज्यानं माझं घर जगवलं त्या भावाला फसवतोय. एरवी न थांबणाऱ्या माझ्या तोंडात मी बिस्कीट कोंबलं.

"इलास, तू का मुका झालास?" दादा माझ्याकडं रोखून बघायला लागला.

तेवढ्यात शिफ्ट सुटली. ओंकार फाटकातून बाहेर आला, आम्हाला बघून सरळ टपरीवर, दादाच्या पाया पडला.

"ही समदी म्हंत्यात, तुमी परमनंट हायसा. खरं न्हवं?"

टपरीवरची प्रत्येक मान त्याला 'हो म्हण' असं खुणावत होती. अक्कानं तर चक्क डोळा मारला.

"न्हाय काका," पोरगा म्हणाला. "कंत्राटी हाय. ऋतुजाला पयल्या दिवशीच सांगितलंय. ती म्हणाली, काकास्नी तुमीच सांगा."

अक्काचा चहा उतू गेला. दादा लालबुंद होऊन उठला, तसा मी दोघांच्या मध्ये शिरलो. तुम्ही सगळे मला नेहमी विचारता, तुझं घर आता कुठलं, गाव की शिरोली? शिरोलीत आपलं सगळं तात्पुरतं आणि गावाकडं सगळं पक्कं, असंच मी समजत आलो होतो. दादाही तसंच समजत असावा. कारण दादाच्या तोंडातून जे निघालं, त्यानं तो स्वतःही दचकला:

"आरं, परमनंट परमनंट काय लावलंय मी तरी! पूर आला की संसार ट्रॉलीत भरून शाळंत ऱ्हायला जातोय. माजं घर तरी कुठं परमनंट हाय?"